तापमापीचा अरुंद गळा : भौतिकशास्त्र आणि वैद्यक यांच्या नात्याचा एक धांडोळा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यतेचे काही अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोटेखानी लेखनात नोंदवून ठेवले आहेत. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते वाचावयास मिळते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावे, असा माझा दरवर्षीचा आग्रह असतो. त्यातील पाचवा प्रसंग त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातील नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाबासाहेबांनी ते तेथून घेतले आहे.

या शिक्षकाची पत्नी ओली बाळंतीण होती. बाळंतपणानंतर दोनच दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले, छाती भरून आली, श्वास घेणे कठीण झाले, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. नवरा डॉक्टरला बोलवावयास गेला. डॉक्टरने अस्पृश्याच्या घरी येण्यास नकार दिला. मग गावच्या नगरशेठला आणि दरबाराला विनवण्या झाल्या. दोन रुपये फीची हमी नगरशेठने घेतली, तेव्हा डॉक्टर आला. पण रोग्याला वस्तीच्या बाहेर आणले तरच तपासीन, या अटीवर. त्या अवस्थेतील बाईला तान्ह्या मुलासह बाहेर आणण्यात आले. डॉक्टरने आपला थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि मग त्याच क्रमाने तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया असल्याचे सांगितले. औषध पाठवून दिले. पुढे तो पुन्हा आला नाही. ती बाई वाचली नाही.

हा प्रसंग मी वर्गात सामाजिक इतिहास म्हणून अनेक वर्षे शिकवीत आलो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, थर्मामीटर तीन हातांतून फिरून डॉक्टरपर्यंत जाईस्तोवर पारा खाली कसा नाही उतरला?" मला उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो, त्यांनी मला प्रयोगशाळेतील तापमापी दाखविली, आणि त्या एका प्रश्नामुळे मला भौतिकशास्त्राकडे वळावे लागले. पुढील लेखन त्याचे फलित आहे.

प्रथम त्या प्रश्नाचे उत्तर. साध्या तापमापीतील पारा उष्णतेने प्रसरण पावतो आणि थंड होताच आकुंचन पावतो. ती तोंडातून काढली की आकडा बदलू लागतो. वैद्यकीय तापमापीत मात्र पाऱ्याच्या फुग्याच्या किंचित वर काचेची नळी मुद्दाम अरुंद केलेली असते. प्रसरण पावताना पारा जोराने त्या अरुंद गळ्यातून वर चढतो. पण थंड होताना त्या ठिकाणी त्याचा धागा तुटतो आणि वरचा भाग जागच्या जागी राहतो. म्हणूनच वापरण्यापूर्वी तापमापी झटकावी लागते. या लहानशा युक्तीमुळे रोग्याचा ताप रोग्यापासून दूर नेऊन, सावकाश, दिव्याखाली वाचता येतो. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याचा हेतू डॉक्टरची सोय हा होता. काठेवाडातील त्या डॉक्टरने तिचा उपयोग अंतर राखण्यासाठी केला. काचेतील तो अरुंद गळा नसता तर पारा वाचण्यासाठी त्याला त्या बाईजवळ उभे राहावे लागले असते.

तापमापीचा जन्म वैद्यकासाठी झाला नव्हता. गॅलिलिओच्या काळात हवेच्या प्रसरणावर चालणारे एक उपकरण होते. त्यावर आकडे नव्हते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी पदुआचे वैद्य सांतोरिओ यांनी त्यावर मोजपट्टी लावली आणि ते रोग्याच्या तोंडाशी नेले. १७१४ मध्ये फॅरनहाइट यांनी पाऱ्याची विश्वसनीय तापमापी तयार केली. तरीही पुढली दीडशे वर्षे बहुतेक डॉक्टर ताप हाताच्या पालथ्या बाजूनेच पाहत होते. लाइपझिगचे वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रोग्यांच्या तापाच्या नोंदी घेऊन १८६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे आणि निरनिराळ्या रोगांत त्याच्या चढउताराची रेषा निरनिराळी असते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंच लांबीची, पाच मिनिटांत ताप सांगणारी तापमापी तयार केली. त्यापूर्वीची हातभर लांब असे आणि आकडा देण्यास वीस मिनिटे घेई. खिशात मावू लागली तेव्हा ती सर्वत्र पोहोचली.

स्टेथोस्कोपची कथा याहून बोलकी आहे. रोग्याच्या छातीवर कान ठेवून आवाज ऐकण्याची रीत जुनी होती. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांच्यासमोर हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. आवाज नुसत्या कानाने ऐकू येई त्याहून स्पष्ट ऐकू आला. पुढे त्यांनी लाकडाची पोकळ नळी केली. मागचे भौतिकशास्त्र सोपे आहे: नळीतील हवेचा स्तंभ ध्वनीला चहूकडे पसरू न देता एका दिशेने नेतो. निरोगी फुप्फुस हवेने भरलेल्या स्पंजासारखे असते, ते ध्वनी गिळते. न्यूमोनियात त्या स्पंजात द्रव भरतो, फुप्फुस घट्ट होते आणि ध्वनी अधिक चांगला वाहून नेते. शिवाय चुरचुर आवाज येऊ लागतो. लेनेक यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात ही लक्षणे शवविच्छेदनाशी ताडून मांडली. त्यांच्याही आधी, १७६१ मध्ये, ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची पद्धत सांगितली होती. त्यांचे वडील खाणावळ चालवीत आणि पिंप किती भरले आहे ते ठोकून पाहत, असे सांगतात. कष्टकऱ्याच्या हातातील ज्ञान वैद्यकात गेले, याचे हे एक उदाहरण म्हणून मला ते प्रिय आहे.

म्हणजे न्यूमोनिया ओळखण्याची साधने १९२९ पर्यंत शंभर वर्षांची जुनी झाली होती. काठेवाडच्या पत्रात स्टेथोस्कोपचा उल्लेख नाही. कसा असणार? लेनेक यांच्या सुरळीने पुरुष-डॉक्टर आणि स्त्री-रुग्ण यांच्यामधील संकोचाएवढेच अंतर राखले होते, एक वीतभर. अस्पृश्यतेला लागणारे अंतर त्या नळीपेक्षा लांब होते. तापमापी दुसऱ्याच्या हाती देता येते, स्टेथोस्कोप देता येत नाही.

येथे विनयपिटकातील एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मळात पडून होता. इतर भिक्खू त्याची सेवा करीत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला एकमेकांच्या शुश्रूषेची शिकवण दिली. शिकवण नंतर आली, हात आधी लागला. आणि महाराष्ट्रातही असा हात लागला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने त्यांचे निधन झाले.

सावित्रीबाईंच्या निधनाच्या सोळा महिने आधी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे वैद्यकाचा सारा चेहरामोहरा बदलून टाकणारी घटना घडली होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन अंधाऱ्या खोलीत काचेच्या निर्वात नळीतून विद्युतप्रवाह सोडून पाहत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती. तरी काही अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून काहीतरी बाहेर येत होते. सहा-सात आठवडे त्यांनी कोणाला फारसे न सांगता प्रयोग केले. २२ डिसेंबर रोजी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, त्यात बोटांची हाडे आणि अंगठी दिसते. या किरणांचे स्वरूप ठाऊक नसल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपण मराठीत तेच अक्षर 'क्ष' असे घेतले, आणि ते मला फार समर्पक वाटते. हाडांत कॅल्शियम असते, त्याचे अणू मांसातील अणूंपेक्षा जड असतात, म्हणून हाडे हे किरण अधिक अडवतात आणि त्यांची सावली पडते. काही महिन्यांच्या आत युरोप-अमेरिकेतील डॉक्टर मोडलेली हाडे आणि रुतलेल्या गोळ्या या सावलीत शोधू लागले. रोंटगेन यांना १९०१ चे, म्हणजे भौतिकशास्त्राचे पहिलेच, नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी आपल्या विद्यापीठाला दिली. क्ष-किरणांचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

पेटंट न घेण्याचा हाच निर्णय मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमच्या बाबतीत घेतला. मेरी क्युरी यांच्याविषयी आमच्या विद्यार्थिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. रशियन राजवटीखालील पोलंडमध्ये स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते. तरुण मेरी वॉर्सातील एका गुप्त, घरोघर जागा बदलणाऱ्या विद्यापीठात शिकली. भौतिकशास्त्र (१९०३) आणि रसायनशास्त्र (१९११) अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या या बाईंना फ्रेंच विज्ञान अकादमीने १९११ मध्येच सदस्यत्व नाकारले. पहिल्या महायुद्धात त्यांनी मोटारगाड्यांवर क्ष-किरण यंत्रे बसवून ती आघाडीजवळच्या रुग्णालयांत नेली, स्वतः गाडी चालविण्यास शिकल्या, सतरा वर्षांच्या मुलीला, इरेनला, बरोबर घेतले आणि अनेक स्त्रियांना हे काम शिकविले. रुग्णाला यंत्रापाशी आणण्याऐवजी यंत्र रुग्णापाशी नेण्याची ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. आपल्या ग्रामीण भागात ती अजून पुरती पोहोचलेली नाही.

या किरणांनी बळीही घेतले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातांवर तपासून पाहत. दोन्ही हात कापावे लागून १९०४ मध्ये कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. मेरी क्युरी १९३४ मध्ये रक्ताच्या विकाराने गेल्या. दीर्घकाळच्या किरणोत्साराशी त्याचा संबंध जोडला जातो. १९३६ मध्ये हॅम्बुर्गला अशा बळी गेलेल्या डॉक्टर, भौतिकज्ञ, परिचारिका यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर दीडशेहून अधिक नावे कोरलेली आहेत. आज क्ष-किरण खोलीच्या भिंतीत शिसे असते, तंत्रज्ञ छातीवर मात्रा मोजणारी पट्टी लावतो, त्यामागे ही नावे आहेत.

क्ष-किरणांनी मिळते ती सावली, आणि सावलीत मागचे-पुढचे सारे एकावर एक पडते. भोपळा न कापता त्याच्या आतील किडका भाग कोठे आहे हे एका बाजूने पाहून सांगता येत नाही. सर्व बाजूंनी पाहून हिशेब मांडला तर सांगता येते. हा हिशेब गणिताच्या अंगाने अ‍ॅलन कॉरमॅक यांनी, तर यंत्राच्या अंगाने गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी मांडला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. दोघांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्यांपैकी कोणाही जवळ वैद्यकाची पदवी नव्हती; हाउन्सफील्ड यांच्याजवळ तर विद्यापीठाचीही पदवी नव्हती, विद्युत अभियांत्रिकीची पदविका होती.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीतच. आपले शरीर बहुतांशी पाणी आहे, आणि पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्रक हे एक सूक्ष्म लोहचुंबक असते. शरीर प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ही केंद्रके एका विशिष्ट तालात डोलू लागतात. त्याच तालाच्या रेडिओ लहरी सोडल्या की ती ऊर्जा घेतात आणि लहरी थांबल्या की परत देतात. ही परत येणारी हाक यंत्र ऐकते. मेंदूतील गाठ आणि निरोगी पेशी यांतील पाण्याची हाक वेगळी असते. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी हा परिणाम शोधला तेव्हा रुग्णालय त्यांच्या मनातही नव्हते. त्यापासून चित्र काढण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखविली. नेहमीच्या यंत्रातील चुंबक १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असतो. तो टिकविण्यासाठी उणे २६९ अंश सेल्सिअसचे द्रवरूप हेलियम लागते. यंत्राची किंमत का वाढते आणि ते मोठ्या शहरातच का दिसते, याचे उत्तर बरेचसे या वाक्यात आहे.

हृदयाच्या विद्युत स्पंदनांची नोंद करणारे आइन्थोव्हेन यांचे यंत्र, डोळ्याच्या आत पाहण्यासाठी हेल्महोल्ट्झ यांनी केलेला आरसा, यांबद्दलही लिहिता येईल. पण जागेची मर्यादा आहे आणि मला सोनोग्राफीकडे यावयाचे आहे, कारण तेथे आपला समाज पुन्हा समोर येतो.

काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे १८८० मध्ये पिएर क्युरी आणि त्यांचे बंधू झाक यांनी शोधले. उलट, विद्युतभार दिला की स्फटिक कंप पावतो. पहिल्या महायुद्धात लान्झव्हॅं यांनी अशा स्फटिकांतून मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्याचे तंत्र विकसित केले. १९५८ मध्ये ग्लासगोचे डॉ. इयन डोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वाने पोटातील गाठी आणि गर्भ पाहता येतात, हे 'लॅन्सेट'मध्ये मांडले. गर्भाला किरणांची इजा नाही, बाळ आडवे आहे का, वार कोठे आहे, हे आधीच कळते. किती बाळंतिणींचे प्राण या तंत्राने वाचले असतील!

आणि आपण त्याचे काय केले? गर्भातील मुलगी शोधून तिला संपविण्याचे साधन केले. महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये, गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा केला. १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. यंत्र निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा, असे नेहमी म्हटले जाते. काठेवाडची तापमापी आणि सोनोग्राफी यांच्यापुरते ते खरेही आहे. पण ते सर्वस्वी खरे नाही, हे मला करोनाच्या काळात कळले.

त्या काळात आपण सर्वांनीच बोटाला ऑक्सिमीटर लावला. १९७४ मध्ये जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी त्याचे तत्त्व मांडले. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठविला जातो: सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजनयुक्त रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजनविरहित रक्त अधिक. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढला की रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी मिळते. सुंदर कल्पना आहे. परंतु त्वचेतील काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते, आणि ज्यांच्या बोटांवरून या यंत्रांचे आकडे जुळविले गेले त्यांत उजळ त्वचेच्या माणसांचा भरणा होता. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवीत असताना रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणीत ऑक्सिजन ८८ पेक्षाही कमी निघाला, असे गोऱ्या रुग्णांच्या नोंदींत शंभरामागे सुमारे चार, तर काळ्या रुग्णांच्या नोंदींत शंभरामागे सुमारे बारा वेळा आढळले. येथे वापरणाऱ्या डॉक्टरच्या मनात भेदभाव नसेलही. भेद यंत्राच्या आकड्यात शिरला होता, कारण यंत्र जुळविताना समोर कोण होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. रापलेल्या हातांच्या आपल्या लोकांनी हा अभ्यास अवश्य समजून घ्यावा.

भविष्याचा विचार मी याच बाजूने करतो. उद्याच्या वैद्यकात भौतिकशास्त्र काय देणार, हे सांगणारी झगमगीत पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतील काही गोष्टी तर आपल्याजवळच घडत आहेत. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेच्या खात्याकडे कसे, असे विद्यार्थी विचारतात. कारण कर्करोगाच्या उपचारातील एक मोठा भाग हा किरणोत्साराचा आहे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चे किरण वापरून उपचार सुरू झाले. तशी यंत्रे आपण दीर्घकाळ आयात करीत होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी यंत्र कमी खर्चात तयार केले, आणि पुढे भारताने ते इतर विकसनशील देशांनाही दिले. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे प्रोटॉन उपचार केंद्रही आता उभे आहे. क्ष-किरण शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेत सर्वत्र ऊर्जा सांडत जातात. प्रोटॉन मात्र आपली बरीचशी ऊर्जा थांबण्याच्या जागी एकदम देतो आणि पुढे जात नाही. गाठीच्या मागचा निरोगी भाग वाचतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे फार मोलाचे आहे. ही कल्पना १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी मांडली, जे त्यापूर्वी अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करीत होते.

परंतु माझे लक्ष अधिक वेधतात त्या छोट्या गोष्टी. ०.०६४ टेस्ला एवढ्या क्षीण चुंबकावर चालणारे, हेलियम न लागणारे, चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेपाशी नेता येणारे एमआरआय यंत्र अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. त्याचे चित्र मोठ्या यंत्राइतके स्पष्ट नसते. पण ज्या ठिकाणी काहीच नाही तेथे ते पुष्कळ आहे. हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे क्षयरोगाच्या शोधासाठी आपल्या देशात वस्त्यांवर नेली जाऊ लागली आहेत. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीची क्ष-किरण चित्रे क्षयासाठी वाचण्यास संगणकाची मदत घेता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्य केले. हा संगणक हजारो जुन्या चित्रांवरून शिकतो. ती चित्रे कोणाची? खाणीत, दगडफोडीत, कापसाच्या जिनिंगमध्ये फुप्फुसे झिजवलेल्यांची त्यांत आहेत का? ऑक्सिमीटरचा प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो, आणि तो विचारण्यासाठी त्या खोलीत आपली माणसे असावी लागतील.

नुसती यंत्रे येऊन भागत नाही, याचाही अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका मुलाचा हात खेळताना मोडला. आम्ही त्याला घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तेथे क्ष-किरण यंत्र होते. चांगले होते. त्यावर स्वच्छ पांढरे कापड घातलेले होते, आणि ते चालविणारे पद कित्येक महिने रिकामे होते. मुलाचा हात ओढणीच्या झोळीत अडकवून आम्ही एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. वाटेत तो मला विचारीत होता, "सर, ते मशीन बिघडलेलं होतं का?" नव्हते बिघडलेले. रोंटगेन यांनी पेटंट न घेता जगाला दिलेली वस्तू, तिच्यावर कापड घालून ठेवलेली.

म्हणून विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना एक माहिती येथे देतो. डॉक्टर किंवा अभियंता याखेरीज तिसरे दार आपल्या घरांत कोणी सांगत नाही. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्याला मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करता येते; काही विद्यापीठांत वैद्यकीय भौतिकीचा स्वतंत्र एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. त्यानंतर रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करून वैद्यकीय भौतिकज्ञ होता येते. किरणोपचाराच्या प्रत्येक केंद्रात असा भौतिकज्ञ असणे आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार आवश्यक आहे. गाठीला किती मात्रा द्यायची हे डॉक्टर ठरवितो. ती कोणत्या कोनातून, किती वेळ दिली म्हणजे नेमकी तेथेच पोहोचेल याचा हिशेब हा भौतिकज्ञ करतो. बारावीनंतर क्ष-किरण तंत्रज्ञाचेही शिक्षण घेता येते. कापड काढणारा हात त्याचाच.

पाऱ्याच्या तापमापी आता मागे पडत आहेत. पारा विषारी आहे; २०१३ च्या मिनामाता करारान्वये त्यांचे उत्पादन थांबविण्याचे देशांनी ठरविले, आणि दवाखान्यांत अंकात्मक तापमापी आल्या. आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी काचेची तापमापी अजून जपून ठेवलेली आहे. काठेवाडचा पाठ झाला की विज्ञानाचे सर ती माझ्या वर्गात पाठवितात. एका मुलाने ती पाच मिनिटे काखेत धरायची, मग बाहेर काढायची. भिंगातून फुग्यावरचा तो अरुंद गळा आणि त्याच्या वर अडकलेला पाऱ्याचा धागा दिसतो. सर्वांनाच तो पाहावयाचा असतो, म्हणून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ती हातोहात फिरते. घसरून फुटू नये एवढीच सूचना मी देतो.